ज्या दिवशी प्रॅथरनी मत दिलं नाही

रविवारची प्रार्थना संपली आणि व्हर्डा स्टॅम्पर सरळ गाडीत जाऊन बसली, असं कधी झालं नाही. चर्चच्या पायऱ्यांवरच कुणीतरी तिला गाठायचं.

"काय गं व्हर्डा, दुधाच्या भावाचं काय केलं तुझ्या माणसानं?"

"बाजूनं मत दिलं."

"आणि त्या धरणाचं?"

"विरुद्ध. तुमचीच शेतं बुडणार होती ना, एटामावशी?"

"माझी कुठली? माझ्या जावेची. बुडू दे की!"

'तुझा माणूस' म्हणजे सिनेटर वेंडेल प्रॅथर. कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची एक खोलीची कचेरी होती आणि तिथं अकरा वर्षं व्हर्डा एकटी बसत होती. लोक 'तुझा माणूस' म्हणाले की तिचा नवरा डेन्झिल मुद्दाम खोकायचा आणि म्हणायचा, "तिचा माणूस इथं उभा आहे. तो वॉशिंग्टनवाला नुसता तिचा साहेब." पुढं पुढं त्याला मुद्दाम खोकायची गरज उरली नाही.

व्हर्डा आमच्या लिक फोर्कच्या खोऱ्यातलीच. ती शाळेत असतानाच खाणीचं छप्पर कोसळून तिचा बाप गेला. आईनं लोकांचे कपडे धुऊन चार पोरं वाढवली. व्हर्डा थोरली, ती टेलिफोनच्या केंद्रात लागली. तारा जोडता जोडता तिला साऱ्या काउंटीचे आवाज पाठ झाले. कोण रागावलंय, कोण रडून फोनवर आलंय, कोणाला फक्त बोलायला माणूस हवंय, हे तिला 'हॅलो'वरून कळायचं. मग आपोआप लागणारे फोन आले आणि केंद्र बंद झालं. त्याच वर्षी प्रॅथर निवडून आले होते. त्यांना कचेरीत आपल्या भागातली बाई हवी होती. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता म्हणे. "लोक तुला माझ्यावरून शिव्या देतील. चालेल?"

"मी खाणकामगारांच्या घरातली आहे," व्हर्डा म्हणाली होती. "शिव्यांचं काय घेऊन बसलात."

आणि शिव्या मिळाल्याही. परदेशातल्या लढाईच्या खर्चाला प्रॅथरनी विरोध केला तेव्हा आमच्या खोऱ्यातली सात पोरं तिकडं लढत होती. त्यातला एक बर्ल कॉम्ब्सचा. बर्ल खाणकामगार संघटनेचा म्होरक्या, भरदार छातीचा, दोन बोटं खाणीत गमावलेला. त्यानं तेव्हापासून प्रॅथरांशी हात मिळवला नाही. पोरगा धडधाकट परत आला, तरी नाही. पण हाच बर्ल दर निवडणुकीत त्यांनाच मत द्यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तो बोलतो तेच करतो. हीच तर पीडा आहे."

व्हर्डानं त्यांचं कुठलंही मत लपवलं नाही, गोड करून सांगितलं नाही. आवडलं तरी सांगायची, नाही आवडलं तरी सांगायची. ते तिचं कामच होतं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता खोऱ्यात दुसरा विषय नव्हता. दवाखाना राहतो की जातो, एवढाच.

आमचा दवाखाना म्हणजे कंपनीच्या जुन्या दुकानातल्या तीन खोल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी सगळा कारभार रमोना हेन्सली नावाच्या नर्सचा. तिथं खाणीतून फुप्फुसं काळी करून आलेली माणसं यायची. एका नळीत फुंकायची, ऑक्सिजन घ्यायची, पाठीवर थापट्या मारून घेऊन छातीतलं काळं बाहेर काढायची आणि घरी जाऊन आठवडाभर बरी झोपायची. डेन्झिल त्यातलाच. गुरुवारी दवाखाना झाला की शनिवारपर्यंत तो अंगणात हिंडायचा, घेवड्याच्या वेलांना काठ्या लावायचा. बुधवार आला की पायरीवर बसूनच असायचा. मागच्या हिवाळ्यात बर्फानं दोन गुरुवार दवाखाना उघडला नाही, तेव्हा तो खुर्चीत बसून झोपत होता आणि व्हर्डा समोर बसून त्याचा श्वास ऐकत होती. दवाखाना कायमचा गेला तर काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

दवाखान्याला सरकारी मदत होती, ती सप्टेंबरअखेर संपत होती. ती चालू ठेवावी अशी दुरुस्ती एका मोठ्या विधेयकाला जोडून प्रॅथरनीच मांडली होती. रविवारी बर्लनं पायऱ्यांवर सगळ्यांदेखत व्हर्डाला विचारलं, "मंगळवारी मतदान आहे. तुझा माणूस आयत्या वेळी माघार नाही ना घेणार?"

"दुरुस्ती त्यांचीच आहे, ब्रदर बर्ल."

"ते मला ठाऊक आहे. मत देणार ना?"

"देणार."

"तुझा शब्द?"

"माझा शब्द," व्हर्डा म्हणाली.

मंगळवारी डेन्झिलला घरी एकटं ठेवायला नको म्हणून ती त्याला कचेरीत घेऊन आली होती. जिने चढताना तो तीनदा थांबला. वर आल्यावर खिडकीशी बसला. डब्यात घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मक्याचा पाव होता, त्याला हातही लावला नाही. दुपारी फोन वाजला. व्हर्डाला वाटलं वॉशिंग्टनच्या कचेरीतली मुलगी असेल. पण आवाज खुद्द प्रॅथरांचा होता. मागं माणसांची गडबड ऐकू येत होती.

"व्हर्डा, डेन्झिल कसा आहे?"

"बसलाय इथंच. बरा नाही. मतदान झालं?"

"नावांचा पुकारा सुरू व्हायचाय." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. व्हर्डानं आयुष्यभर फोनवर माणसं ऐकली होती. तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मी एमिल लिंडक्विस्टना जोडी दिलीय," प्रॅथर म्हणाले.

सिनेटमध्ये ही फार जुनी रीत आहे. एखाद्या सदस्याला मतदानाला येणं शक्यच नसलं, तर विरुद्ध बाजूचा एखादा सदस्य त्याला शब्द देतो की तू नाहीस, तर मीही मत देणार नाही. दोघांची मतं एकमेकांना कापतात आणि तराजू होता तसाच राहतो. हा काही कायदा नाही. कुठं सही नसते. शब्द मोडला तर कुणी शिक्षाही करत नाही. नुसतं बोलण्यावर चालतं. व्हर्डानं अकरा वर्षांत अशा जोड्या पाहिल्या होत्या, पण त्या किरकोळ मतदानांच्या.

लिंडक्विस्ट गव्हाच्या सपाट मुलखातले, दुसऱ्या पक्षाचे. सरकारनं असल्या कामांना पैसा देऊच नये असं त्यांचं उघड मत होतं. दवाखान्याला त्यांचा विरोध ठरलेला.

"त्यांची बायको जायला टेकलीय," प्रॅथर सांगत होते. "शनिवारी त्यांचा फोन आला. मतदानाला निघायचं म्हणून बॅग भरून बसले होते. मी म्हटलं, एमिल, तिच्याजवळ राहा, मी तुमची जोडी धरतो. तेव्हा आमच्या बाजूला चार मतं जास्त होती. आज सकाळी आमचे दोघं फुटून तिकडं गेले. आता बरोबरीत आहे, व्हर्डा. बरोबरीत दुरुस्ती पडते. मी मत दिलं तर एकानं निघते."

"मग?"

"मग काही नाही. ज्याचं यात काही जातंय अशा कुणाशी तरी बोलायचं होतं."

व्हर्डानं खिडकीकडं पाहिलं. डेन्झिलनं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते आणि खांदे वर उचलून तो हवा ओढत होता. तो तिच्याकडंच बघत होता.

"मत द्या, साहेब," ती म्हणाली.

"मी त्यांना शब्द दिलाय."

"ठाऊक आहे. तरी द्या."

पलीकडं कसलीशी घंटा वाजली. प्रॅथर म्हणाले, "जातो मी," आणि फोन ठेवला.

डेन्झिलनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. प्रार्थना कर."

"तू कर. मला दम नाही," डेन्झिल म्हणाला.

पुन्हा फोन वाजला तो कचेरीतल्या मुलीचा. ती रडवेली झाली होती. प्रॅथरांचं नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, या मतदानात लिंडक्विस्टांशी माझी जोडी आहे. ते असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मला मोकळीक असती तर मी बाजूनं दिलं असतं. म्हणून मी मत देत नाही. सत्तेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस. दुरुस्ती पडली.

संध्याकाळच्या बातम्यांत रेडिओनं एवढंच सांगितलं की खाणकामगारांच्या दवाखान्यांची दुरुस्ती एका मतानं हुकली आणि सिनेटर प्रॅथर यांनी मत दिलं नाही. मग फोन जो सुरू झाला, तो व्हर्डानं कचेरीला कुलूप लावेपर्यंत थांबला नाही. एका बाईनं तर शिवीही दिली नाही. नुसतं म्हणाली, "व्हर्डा, तू शब्द दिला होतास," आणि फोन ठेवला. तो आवाज व्हर्डानं ओळखला. तिच्या सख्ख्या चुलत बहिणीचा होता.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला एरवी वीसेक माणसं असायची. त्या दिवशी बाकं पुरली नाहीत. कितीतरी पुरुष डोक्यावरच्या टोप्या न काढताच मागं भिंतीला टेकून उभे होते. व्हर्डा आणि डेन्झिल नेहमीच्या बाकावर बसले तशी शेजारची दोन माणसं उठून दुसरीकडं गेली. पाद्रीबाबांनी शास्त्रातला उतारा वाचला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. 'आमेन' झालं आणि बर्ल उभा राहिला.

"व्हर्डानं सांगावं," तो म्हणाला. "ह्याच चर्चच्या पायरीवर शब्द दिला होता तिनं."

व्हर्डा उठली. तिनं सगळं सांगितलं, पायरीवर सांगायची तसंच, न लपवता. लिंडक्विस्टांची बायको, भरून ठेवलेली बॅग, शनिवारचा फोन, जोडी.

"म्हणजे आपला तिथं असून नसल्यासारखा उभा राहिला," मागून कुणीतरी म्हणालं. "विरुद्ध पार्टीवाल्यासाठी!"

"साहेबांनी जोडी दिली नसती, तर तो लिंडक्विस्ट आलाच असता," व्हर्डा म्हणाली. "बायकोला सोडून आला असता आणि विरोधात मत दिलं असतं. हिशोब तोच झाला असता. बरोबरीच."

"पण आला नाही ना तो!" बर्ल म्हणाला. "तो घरी, हा तिथं. हात वर केला असता की काम झालं होतं."

"हो. झालं असतं."

"मग?"

"मग ते शब्द मोडणं झालं असतं."

कुणीतरी हसलं, पण ते हसणं वाईट होतं. रमोना नर्स म्हणाली, "माझ्याकडं त्रेपन्न माणसं आहेत. त्यांना मी हे सांगू? की तुमचा श्वास शब्दात अडकलाय म्हणून?"

तेव्हा एटामावशी काठीवर जोर देऊन उभी राहिली. तिचा नवरा आणि दोन दीर खाणीत गेलेले. तिच्यापुढं आमच्यात कुणी आवाज चढवत नाही. "खाणीत माणूस गेला की काय करता रे तुम्ही?" तिनं विचारलं. "त्याला पुरेपर्यंत कुणी खाली उतरतं? माझ्या होमरच्या वेळी तीन दिवस एक कुदळ हलली नाही. कंपनीनं कामावरून काढायची धमकी दिली तरी नाही. त्या माणसाची बायको मरतेय. तो बसू दे ना तिच्यापाशी."

बर्ल सावकाश म्हणाला, "मावशी, आपण माणूस गेला म्हणून खाण बंद ठेवतो. दुसरी माणसं मरावीत म्हणून नाही ठेवत."

एटामावशीनं काठी बाकाला टेकवली. ती खाली बसली.

"तुला विचारलं होतं का त्यानं?" बर्ल पुन्हा व्हर्डाकडं वळला. "तू आमच्यातली आहेस म्हणून विचारतो. त्याला ठाऊक होतं इथं काय होईल ते?"

व्हर्डा गप्प राहू शकली असती. सिनेटरांशी फोनवर झालेलं बोलणं कचेरीबाहेर काढायचं नाही, असा नियमच होता. पण समोर क्रूस होता आणि बाजूला डेन्झिल होता.

"ठाऊक होतं. मतदानाआधी फोन आला होता त्यांचा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"शब्द मोडा, असं मी म्हणाले."

भिंतीशी उभ्या असलेल्या पुरुषांत चुळबुळ झाली. पाद्रीबाबांनी मान खाली घातली. व्हर्डाचा चेहरा कानापर्यंत तापला, पण ती बसली नाही.

डेन्झिल बसल्या जागेवरून म्हणाला, "मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. फक्त... शिवी घालून." मधे त्याला श्वास घ्यायला थांबावं लागलं म्हणून ते आणखीच विनोदी वाटलं आणि मागचे दोघं-तिघं खरोखर हसले. बर्ल नाही हसला, पण त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"एक वाट आहे अजून," व्हर्डा म्हणाली. "आजच कळलंय."

त्या दिवशी सकाळी प्रॅथरांचा फोन आला होता. हरलेलं मतदान पुन्हा घ्या असं म्हणायचा हक्क सिनेटमध्ये हरलेल्या बाजूला नसतो. जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला सदस्य तसं म्हणू शकतो, किंवा ज्यानं मतच दिलं नाही तो. आणि तेही बैठकीच्या पुढच्या दोन दिवसांत. प्रॅथरनी मत दिलं नव्हतं. गुरुवारी ते पुन्हा मतदान मागणार होते.

"आणि तो गव्हावाला?" बर्लनं विचारलं.

"त्यांची बायको काल रात्री गेली. उद्या अकराला पुरणार आहेत. साहेबांनी त्यांना फोन करून सांगितलं की मी उद्या हे पुन्हा काढतोय. तुम्हाला हवी असेल तर जोडी पुन्हा धरतो."

"पुन्हा!" रमोना किंचाळलीच. "स्वतः होऊन?"

"हो."

"हा माणूस आहे की दगड?"

"मीही हेच विचारलं," व्हर्डा म्हणाली. "म्हणाले, त्याच्या पाठीमागं नाही करणार. तोंडावर सांगून करीन."

"मग तो काय म्हणाला? हवी म्हणाला?"

"काहीच म्हणाले नाहीत. उद्या अकराला तिला पुरतोय, एवढंच बोलले आणि फोन ठेवला."

म्हणजे सगळं त्या एका माणसाच्या तोंडी होतं. त्यानं जोडी मागितली तर प्रॅथर बांधलेले, नाही मागितली तर मोकळे. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "त्या बाईचं नाव काय?"

"सॉल्वेग," व्हर्डा म्हणाली.

पाद्रीबाबांनी सॉल्वेगसाठी प्रार्थना केली. निम्म्या लोकांनी माना खाली घातल्या. निम्म्यांनी नाही घातल्या. मी कुणालाच दोष देत नाही.

गुरुवार हा दवाखान्याचा दिवस, पण डेन्झिलनं जायला नकार दिला. "तिथं फुंकत बसलो आणि इकडं पुकारा झाला तर?" रमोनानं त्याची ऑक्सिजनची टाकी आणून दिली आणि तीही कचेरीत थांबली. एटामावशी आली, बर्ल आला. बर्ल खुर्चीवर बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. वॉशिंग्टनच्या कचेरीतल्या मुलीनं सभागृहाच्या उघड्या दाराजवळच्या फोनवरून पुकारा ऐकून तसाच सांगायचं कबूल केलं होतं. व्हर्डानं रिसीव्हर टेबलावर उलटा ठेवला आणि सगळ्यांनी डोकी जवळ आणली.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. कुठंतरी दूर, झाडसुद्धा नसलेल्या त्या सपाट मुलखात, माणसं कबरीभोवती उभी असतील असं व्हर्डाच्या मनात आलं. तिनं ते झटकलं. मग पुन्हा आलं.

पुन्हा मतदान घ्यायचं की नाही यावर आधी बराच वाद झाला. शेवटी घ्यायचं ठरलं. मग पुकारा सुरू झाला. मुलगी नाव सांगायची आणि पुढं हो किंवा नाही. प्रत्येक 'हो'वर रमोना एक बोट मिटायची, प्रत्येक 'नाही'वर बर्ल दातांतून शिवी सोडायचा.

"बर्ल, देवाचं काम चाललंय," एटामावशी म्हणाली.

"मग देवालाही कळू दे."

मंगळवारी फुटलेल्या दोघांनी पुन्हा 'नाही' म्हटलं. बाकीचेही जिथल्या तिथंच होते. कुणी हललं नव्हतं. 'ल'ची नावं आली.

"लिंडक्विस्ट," मुलगी म्हणाली. मग थांबली. "उत्तर नाही."

"नाहीच येणार," बर्ल म्हणाला. "तो नाही आला, पण जोडी हवी असा निरोप आला असेल. प्रॅथर बसेल पुन्हा हात बांधून."

डेन्झिलनं नळी नाकापासून काढली होती. रमोनानं ती पुन्हा लावली. त्यानं पुन्हा काढली. "नळीचा आवाज होतो," तो म्हणाला. "ऐकू दे."

आणखी नावं झाली. व्हर्डानं टेबलाची कड धरली होती. तिच्या मनात एकच चाललं होतं, आणि ती प्रार्थना होती का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. निरोप नको. निरोप नको येऊ दे.

"प्रॅथर," मुलगी म्हणाली.

फोनमध्ये खरखर होती. 

"काय म्हणाले?" व्हर्डा रिसीव्हरवर ओरडली. "बाळ, काय म्हणाले ते?"

"उभे राहिलेत," मुलगी म्हणाली. "नावं पुकारणाऱ्या क्लार्ककडं बघतायत. क्लार्क मान हलवतोय... नाही म्हणून. काही निरोप नाही." मग एकदम तिचा आवाज फुटला. "हो! हो म्हणाले! प्रॅथर, हो!"

त्यानंतरही बरीच नावं बाकी होती. गैरहजरांची नावं दुसऱ्यांदा पुकारली गेली तेव्हा पुन्हा सगळ्यांचे जीव टांगणीला लागले, कारण निरोप तोपर्यंतही येऊ शकतो. लिंडक्विस्टांचं नाव पुन्हा आलं आणि पुन्हा उत्तराशिवाय गेलं. अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस.

रमोना रडायला लागली. एटामावशी तिला म्हणाली, "रड नंतर, आधी ह्याची नळी लाव." बर्ल पुढं आला, त्यानं रिसीव्हर उचलला आणि उरलेल्या तीन बोटांनी तो छातीशी धरला. मग फोनमध्ये म्हणाला, "पोरी, तुझ्या साहेबाला सांग, बर्ल कॉम्ब्स म्हणाला की..." त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "सांग की मी इथं होतो."

त्या शनिवारी प्रॅथर काउंटीत आले. बर्ल त्यांना भेटायला गेला नाही, पण बायकोच्या हाती सफरचंदाचा थरांचा केक पाठवून दिला. कोर्टाच्या पायऱ्यांवर कुणी त्यांचे हात धरले, कुणी तोंड फिरवलं. पहिल्या मतदानाची आठवण पुढच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधकानं खूप काढली, ती गोष्ट वेगळी.

वर आल्यावर व्हर्डानं विचारलं, "लिंडक्विस्ट विसरले का हो, साहेब? दुःखात राहून गेलं की मुद्दामच नाही मागितली जोडी?"

"मी विचारलं नाही," प्रॅथर म्हणाले.

"विचाराल?"

"नाही. आणि तूही कुणाला विचारू नकोस. त्यांचं मत बदललेलं नाही. सोमवारी परत येतील आणि पुढच्या वेळी माझ्या विरोधातच मत देतील." ते खिडकीशी गेले आणि डेन्झिल जिथं बसला होता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मंगळवारच्या फोनबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. व्हर्डाही बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी ती डेन्झिलला दवाखान्यात घेऊन गेली. रमोनाचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. "फुंका! आणखी फुंका! हे काय, वाढदिवसाची मेणबत्ती विझवताय होय?" आणि त्यावर डेन्झिलचं काहीतरी, जे ऐकू आलं नाही, पण रमोना हसली.

व्हर्डा गाडीतच बसली होती. खिडकीच्या काचा वर होत्या. तिनं आधी देवाचे आभार मानले. मग सॉल्वेगचं नाव घेतलं आणि तिच्या नवऱ्याचंही. मग तिला वाटलं की मंगळवारच्या त्या गोष्टीची माफी मागावी. आईनं लहानपणी शिकवलेलं, की दुसऱ्याला पाप करायला सांगणं हे स्वतः करण्याहून वाईट. तिनं डोळे मिटले. पण खोटं बोलून माफी मागता येत नाही, निदान तिला तरी येत नव्हती.

"परत विचारलं तर मी परत तेच सांगेन," ती शेवटी देवाला म्हणाली. "तुला ठाऊकच आहे. माफ करायचं तर असंच कर."

दवाखान्याचं दार उघडलं. डेन्झिल बाहेर आला, पायरीवर थांबला नाही, सरळ गाडीपाशी आला आणि काचेवर टकटक केली.

"उतर," तो म्हणाला. "आज मी चालवतो."

"काही नको."

"व्हर्डा, शनिवारपर्यंत मी माणूस आहे. सरक तिकडं."

ती सरकली.